नळाच्या उगमाकडे

घाटकोपरला नदी नाही, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. पूर्वेला खाडी आहे, तिच्या कडेला एके काळी मिठागरे होती. पश्चिमेला टेकड्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून गढूळ ओहोळ धावत सुटतात. त्यांना नदी म्हटले तर नदीचा अपमान होईल. पण घाटकोपरला नदी आहे. ती लोखंडाच्या पोटातून वाहते. मुलुंड-भांडुपकडून आलेले अजस्र नळ पश्चिमेच्या वस्तीमधून, कुठे उघड्यावर, कुठे भिंतीच्या आडोशाने, विद्याविहार-कुर्ल्याकडे निघून जातात. नळांच्या कडेने जो रस्ता गेला आहे त्याचे बारसे कोणी केले नाही. लोकांनीच त्याला 'पाइपलाइन रोड' म्हणायला सुरुवात केली. नळाला कान लावला तर आत एक घुमणारा आवाज ऐकू येतो. लहानपणी मुले तो ऐकतात. मोठेपणी आपल्याला वेळ नसतो.

जगातल्या प्रत्येक नदीला काही ना काही माहात्म्य असते. कोणी तिच्या काठी देऊळ बांधतो, कोणी तिची आरती करतो, कोणी निदान उगमापर्यंत जाऊन एक तांब्या भरून आणतो. आमच्या या नदीचा उगम कुठे, असे घाटकोपरात दहा माणसांना विचारले तर नऊ जण सांगतील, "महापालिकेत!" आणि दहावा विचारील, "का हो, उद्या पाणी येणार नाही की काय?"

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे जरा अधिक लक्ष जाते. आपल्या भाषेत पाणी 'येते'. पाहुणा येतो, सण येतो, पहिल्या तारखेला पगार येतो, तसे पहाटे पाणी येते. "अहो, पाणी आलं!" ही हाक ज्या घरात ऐकू येत नाही ते घर मुंबईच्या उपनगरातले नव्हेच. 'आणणे' हे क्रियापद आपण डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईकडे सोपवले आहे. आपले पाणी कोणी आणत नाही, ते आपले आपण येते, अशी आपली गोड समजूत आहे.

गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुटी लागली आणि मनात आले, लोक गंगोत्रीला जातात, त्र्यंबकेश्वरला जाऊन ब्रह्मगिरी चढतात. आपण आपल्या नळाच्या उगमाकडे जाऊन पाहावे. घरी हा बेत सांगितला तेव्हा सौ. म्हणाल्या, "जा, पण आधी माळ्यावरची टाकी कुठे गळते ते बघून जा." या सूचनेत केवढा अर्थ होता ते मला पुढे कळले.

प्रवासाला निघण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १८५४च्या उन्हाळ्यात मुंबईच्या विहिरी आणि तलाव आटले आणि शहराला बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली. त्यातून हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरची विहार तलावाची योजना पुढे सरकली. साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घातले गेले आणि १८६० साली नळाचे पाणी मुंबईत पोहोचले. ते पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी तलाव झाला. तोही अपुरा पडला म्हणून १८९०च्या सुमारास पवईचे पाणी अडवले. पण ते पिण्याच्या लायकीचे निघाले नाही. म्हणजे तीस वर्षांत मुंबईने आपल्या अंगणातले तिन्ही माठ पालथे केले आणि मग शेजारच्या घरात डोकावायला सुरुवात केली. हे शेजारघर म्हणजे तेव्हाचा ठाणे जिल्हा. १८९२ साली व्हॉइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसा योजनेचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून मुंबईची पहाट दुसऱ्याच्या डोंगरात उगवू लागली.

ज्या मिठी नदीने मुंबईला पहिला घोट दिला, तिचे पुढे काय झाले हे २६ जुलै २००५ रोजी सर्वांनी पाहिले. वरचे पाणी आपण घेतले, खाली घाण सोडली, दोन्ही काठ बुजवले, आणि एका दिवशी नदीने आपली जागा परत मागितली. नदीचे पाणी वळवण्याचे परिणाम काय होतात, असे आज कोणी विचारले तर उत्तराची पहिली प्रत घाटकोपरहून कुर्ल्यापर्यंत चालत जाऊन वाचता येते.

कसारा लोकलने सकाळी निघालो. कल्याण मागे पडले की गाडीतल्या माणसांची बोली बदलते आणि खिडकीतला वाराही बदलतो. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव अशी स्टेशने घेत गाडी आटगावला आली. वाड्याकडे माझा एक जुना विद्यार्थी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. तो मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभा होता. "सर, उन्हाचं टोपी घाला," हे त्याचे स्वागताचे वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने ते सदोष होते. पण ऊन इतके निर्दोष होते की मी मुकाट्याने टोपी घातली.

तानसाचा बांध पाहिल्यावर माणूस काही काळ बोलत नाही. पावणेदोन मैल लांबीची ती दगडी भिंत सव्वाशेहून अधिक वर्षे पाण्याला पाठ देऊन उभी आहे. ही योजना आखणाऱ्यांनी एक गोष्ट नामी साधली. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाण्याला मुंबईपर्यंत ढकलत न्यावे लागत नाही. ते उताराने, आपल्याच वजनाने जाते. पंप नाही, कोळसा नाही, वीज नाही. इंजिनियर मंडळींविषयी साहित्याच्या माणसाने चार कौतुकाचे शब्द लिहावेत असे हे स्थळ आहे, आणि मी ते मनापासून लिहितो. पटकीच्या साथींचे शहर जगण्याजोगे झाले त्यात या भिंतीचा वाटा मोठा आहे.

तलावाभोवतीचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. एरवी कुऱ्हाडीखाली गेले असते ते रान पाण्याच्या धाकाने टिकले, हेही खरे. याच रानात २०१४ साली रानपिंगळा सापडला. हे घुबडाच्या जातीचे छोटे पाखरू १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. ते नामशेष झाले असे धरून लोक चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, ते नंदुरबारकडच्या सातपुड्यात पुन्हा दिसले, आणि पुढे इथे, मुंबईच्या उंबरठ्यावर. ज्या पाखराला शास्त्रज्ञ शतकभर शोधत होते ते आपल्या पिण्याच्या पाण्याच्या कडेला निवांत बसले होते.

तानसाहून निघून आम्ही वैतरणेकडे वळलो. वाटेत एका पाड्यावर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती हंडे, कळश्या, डबे यांची रांग लागली होती. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसेचे असते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे मुलांना 'धरण उशाला, कोरड घशाला' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही." मराठीच्या अध्यापकाला असे वर्ग लाभणे ही भाग्याची गोष्ट असली, तरी मला त्याचा आनंद झाला नाही.

वैतरणा ही मोठी विलक्षण नदी. ब्रह्मगिरीच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. गोदावरीच्या वाट्याला कुंभमेळा आला, अभंग आले, पैठण आले. वैतरणेच्या वाट्याला नाव आले ते यमलोकाच्या वाटेवरच्या वैतरणीशी जुळणारे. ती वैतरणी मेल्यावर गाईचे शेपूट धरून ओलांडायची असते. ही वैतरणा मात्र मुंबईकर जिवंतपणी रोज सकाळी चहात घालून पितो. एन. व्ही. मोडक यांच्या नावाचा मोडकसागर १९५७ साली पुरा झाला. मग वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात, १९७३ साली अप्पर वैतरणा झाले. दोघांच्या मध्ये, मोखाडा तालुक्यात, २०१४ साली शंभर मीटरांहून उंच असे मध्य वैतरणा उभे राहिले. एकाच नदीच्या अंगावर तीन धरणे झाली. दर जूनमध्ये आपण वर्तमानपत्रात ज्या सात तलावांचे टक्के वाचतो त्यांतले तीन ही एकच नदी भरते. सातही काठोकाठ भरले म्हणजे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी होते, आणि ते वर्षभर पुरवायचे असते.

मोडकसागराच्या बांधाखालचे वैतरणेचे पात्र मे महिन्यात पाहावे. खडक, त्यांत अडकलेली डबकी, डबक्यांभोवती बगळे. वरच्या बाजूला सागर आणि खालच्या बाजूला ही कथा. नदी ही खालच्या गावांची, माशांची आणि अखेरीस खाडीचीही असते. तिच्यात थोडे तरी पाणी वाहते राहिले पाहिजे, हा विचार धरणे बांधताना कोणाच्या मनात नव्हता. तो आता शास्त्राने मान्य केला आहे; पात्रात उतरायला त्याला अजून वेळ लागतो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिकडे गेलो ते ठिकाण या सात नावांत नाही. ते आठवे होऊ घातले आहे. वाडा तालुक्यात गारगाई नावाची वैतरणेची एक उपनदी आहे. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९४च्या सुमारास मुंबईच्या भावी गरजेसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही तीन धरणे सुचवली. त्यांतले पहिले झाले. गारगाईचे धरण ओगदा गावाजवळ, सुमारे ६९ मीटर उंचीचे, आणि तिथून बोगद्याने पाणी मोडकसागरात, अशी योजना आहे. रोज मिळायचे पाणी ४४० दशलक्ष लिटर. त्यासाठी आठशे हेक्टरांहून अधिक जमीन लागेल. तीत बहुतेक जंगल, बरेचसे तानसा अभयारण्यातले. आणि तोडाव्या लागणाऱ्या झाडांची गणती लाखांत. २०२०च्या सुमारास झाडे वाचावीत म्हणून योजना बाजूला ठेवली गेली आणि समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मनोरीचा प्रकल्प पुढे आला. नंतर गारगाईची फाइल पुन्हा उघडली, आणि परवानग्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाऊ लागले.

कागदांत गारगाई म्हणजे एक आकडा आहे. प्रत्यक्षात ती सागाच्या आणि ऐनाच्या रानातून उतरणारी एक लहानशी, लाजरी नदी आहे. मे महिन्यात तिचे डोह तेवढे शिल्लक होते. एका डोहात पोरे डुंबत होती. पलीकडे वाळूत झिरा उकरून दोन बायका वाटीवाटीने हंडा भरत होत्या. मोहाची फुले वेचून संपली होती, करवंदे पिकली होती. ओगदा, खोडदे ही या भागातली गावे. वस्ती मुख्यत्वे आदिवासी. भात, नाचणी, वरई हे पीक. गावाच्या वेशीवर एका झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे.

एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसलो. विद्यार्थ्याने ओळख करून दिली, "हे माझे सर, मुंबईहून आलेत." म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि विचारले, "मोजायला आलाव का?"

मी म्हटले, "नाही बाबा. मी शाळामास्तर. नुसता बघायला आलो."

"आजवर जो आला तो मोजायला आला," तो म्हणाला. "झाडा मोजली, घरा मोजली, कोंबड्या मोजल्या. बघायला कोन येत नाय." मग त्याने पाणी दिले. ते त्याच झिऱ्याचे होते. मी ते प्यायलो आणि तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या तिकडं नळाला पानी किती येळ येतं?"

"आमच्याकडे सकाळी दोन-अडीच तास."

"मंग ही नदी न्येल्यावर किती येळ येल?"

प्रश्न साधा होता. माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते, आणि ते कोणाच्या अहवालात पहिल्या पानावर छापलेले मी पाहिले नाही. परतताना लोकलमध्ये वहीच्या मागच्या पानावर मी ते गणित मांडले. ते वाचकांपुढे ठेवतो. कोणाही गृहिणीला ते तोंडी करता येईल.

२०११च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. ४४० दशलक्ष लिटर तेवढ्या माणसांत वाटले तर माणशी ३५ लिटर येतात. म्हणजे दोन बादल्या. आज माणसे वाढली आहेत, तेव्हा बादल्या थोड्या उण्याच. ओगद्याच्या म्हाताऱ्याची नदी आणली की घाटकोपरच्या माणसाला रोज दोन बादल्या अधिक मिळतील. आता दुसरी बाजू. शहराला आज रोज सुमारे ३,९५० दशलक्ष लिटर पाणी येते. त्यातले गळतीत आणि चोरीत जाते किती, याचे अंदाज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असे दिले जातात. आपण कमीत कमी धरू: एक चतुर्थांश. म्हणजे रोज जवळजवळ हजार दशलक्ष लिटर. दोन गारगाया रोज जमिनीत मुरतात किंवा वाटेत नाहीशा होतात, आणि आपण तिसरीच्या शोधात डोंगर चढतो. माळ्यावरची टाकी कुठे गळते ते आधी बघा, या सूचनेचा अर्थ मला कळव्याच्या खाडीपुलावर कळला.

'पाणी आपल्याला कमी मिळते का?' हा प्रश्नही यातून सुटत नाही. एकूण पाण्याला लोकसंख्येने भागले तर माणशी तीनशे लिटरांच्या आसपास पाणी शहरात येते. त्यात कारखाने, हॉटेले, इस्पितळे यांचा वाटा आहे हे मान्य. पण ते माणशी पोहोचत नाही. पालिकेच्या जुन्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा दर होता. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांत बायका अजून कॅन घेऊन चढताना दिसतात. पाणी टेकडीवरच्या टाकीत चढते, पण टाकीशेजारच्या घरात चढत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, वस्ती बेकायदा असली म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. लोखंडी नदीच्या काठावर राहणाऱ्यांची कथा तर वेगळीच. नळांच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा दहा मीटर जागा मोकळी करण्याचा न्यायालयाचा आदेश झाला आणि २०१७च्या सुमारास तिथली पुष्कळ कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात, पाठवली गेली. २०१९ साली न्यायालयालाच सांगावे लागले की, या लोकांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या किंवा घरभाडे द्या. म्हणजे नदीच्या उगमाशी एक गाव उठते आणि नदीच्या काठाशी दुसरे. मधल्या मधे आम्ही नळ सोडून दात घासतो.

आता कोणी म्हणेल, सरकार या सगळ्याची छाननी करूनच परवानगी देते. छाननी होते, पण ती कशी ते समजून घेण्यासारखे आहे. नद्यांवरच्या प्रकल्पांना पर्यावरणाची मंजुरी केव्हा लागते हे ठरवणारी केंद्र सरकारची अधिसूचना २००६ सालची आहे. तिच्यात मोजमाप दोन गोष्टींचे: वीज किती होणार आणि शेती किती भिजणार. केवळ शहराच्या पिण्यासाठी बांधायच्या धरणाला तिच्यात मापच नाही. पिण्याचे पाणी हे पुण्यकर्म, त्याला कसली चौकशी, असे लिहिणाऱ्यांच्या मनात आले असावे की काय, कोण जाणे! तेव्हा अशा धरणांची तपासणी मुख्यतः वनखात्याच्या आणि वन्यजीवांच्या कायद्यांतून होते. तिथे झाडे मोजतात, आणि तोडलेल्या रानाबदली दुसरीकडे रोपे लावायची असतात. ती जागा पुष्कळदा भलत्याच जिल्ह्यात असते. ऐन आणि मोह इथे पडायचे आणि रोपटी तिथे उभी राहायची, अशी ती फिटंफाट. रानपिंगळ्याला बदलीचा हुकूम कसा पोचवायचा, हे त्या कागदांत नसते. वाघोबाच्या दगडासाठीही रकाना नसतो.

ग्रामसभेला मात्र विचारावे लागते. हा मुलूख अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा गावाला बोलण्याचा अधिकार देतो. हा अधिकार कागदावरच राहिला तर काय होते ते मुरबाडच्या काळू धरणाच्या वेळी दिसले. वनखात्याची परवानगी हाती नसताना काम पुढे गेले आणि २०१२ साली उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. ते धरणही महानगर प्रदेशाच्या तहानेसाठीच होते.

परदेशातले एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या दाराशी बेतलेले वाटते. अमेरिकेत बॉस्टन शहराने १९३०च्या दशकात क्वाबिन नावाचा प्रचंड तलाव बांधला. त्यात डेना, एन्फिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे गेली. १९३८ साली ती नकाशातून रीतसर काढून टाकली. पुढे तोही तलाव पुरेना, म्हणून कनेक्टिकट नदीचे पाणी वळवून त्यात आणायचे ठरले. त्या खोऱ्यातले लोक उठले. योजनेची पर्यावरणाच्या दृष्टीने छाननी सुरू झाली आणि तिच्यात एक प्रश्न पुढे आला: नदी वळवण्याखेरीज दुसरे काय काय करता येईल, ते आधी करून पाहिले का? १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराने गळके नळ शोधून दुरुस्त करायला घेतले, घरोघरच्या तोट्या आणि संडासाच्या टाक्या बदलल्या, कारखान्यांना हिशेब विचारला. तोपर्यंत रोज ३० कोटी गॅलनांच्या वर पाणी लागत होते. ते उतरत उतरत २० कोटींच्या आसपास आले. नदी वळवावी लागली नाही. नदी आहे तिथेच वाहते आहे आणि बॉस्टनमध्ये कोणी तहानेने मेल्याची वार्ता नाही.

मुंबई म्हणजे बॉस्टन नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे माणसे वाढतात, पाऊस चार महिन्यांत आटोपतो, आणि एखाद्या वर्षी जुलै कोरडा गेला की पालिकेच्या अधिकाऱ्यांची झोप उडते. तेव्हा गारगाई कधीच नको, असे छातीठोक सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, क्रम चुकू नये. पालिकेने २०२२ साली सांडपाणी शुद्ध करण्याच्या सात केंद्रांचे काम हाती घेतले. सगळी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरांची त्यांची ताकद, आणि त्यांतले ३३७ दशलक्ष लिटरांचे एक केंद्र आमच्या घाटकोपरचेच. शुद्ध केलेले हे पाणी प्यायचे नाही; पण बागा, बांधकामे, कारखाने, रस्ते धुणे यांना वैतरणेचे तीर्थ कशाला हवे? एकट्या घाटकोपरच्या केंद्राचा आकडा गारगाईच्या आकड्याच्या तीन चतुर्थांश आहे. पुढे पिंजाळ आहे, आणि त्याहून पुढे दमणगंगेच्या खोऱ्यात भुगड आणि खारगीहिल इथे धरणे बांधून बोगद्यांनी पाणी पिंजाळात आणण्याचा केंद्राचा संकल्प आहे. घरातला माठ न सांधता गावोगावच्या विहिरी धुंडाळणारे कुटुंब आपण शेजारी पाहिले असते तर त्याला काय म्हटले असते?

पाणी 'येते' या शब्दप्रयोगाची गोष्ट वर सांगितली. आपल्याकडे दुसरा प्रयोग आहे, पाणी 'सोडणे'. पालिकेचा चावीवाला पहाटे पाणी सोडतो, हा त्याचा एक अर्थ. एखाद्या वस्तूवर पाणी सोडणे, म्हणजे दान देताना हातावरून उदक सोडावे तसा तिच्यावरचा हक्क कायमचा सोडून देणे, हा दुसरा. मुंबईच्या नळाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. इकडे चावीवाला पाणी सोडतो, कारण तिकडे कोणीतरी आपल्या शेतावर, रानावर, देवाच्या दगडावर पाणी सोडलेले असते. फरक इतकाच की, दान देणाऱ्याला विधीच्या वेळी दान घेणारा समोर दिसतो आणि घेणाऱ्याला त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. इथे घेणारा शंभर किलोमीटर दूर असतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. ग्रामसभा ओगद्यात भरते, तशीच एक सभा घाटकोपरात भरवावी. मोठे सभागृह नको. एखाद्या शाळेचे पटांगण पुरे. तिथे पालिकेने आपल्या प्रभागात पाणी किती आले, किती घरी पोहोचले आणि किती वाटेत गेले याचा हिशेब फळ्यावर लिहावा. पाइपलाइनकाठच्या आणि टेकडीवरच्या लोकांना आधी बोलू द्यावे, मग सोसायट्यांच्या चिटणीसांना. आणि सर्वांत शेवटी, गारगाईकाठच्या चार माणसांना गाडीभाडे देऊन बोलवावे आणि त्यांच्यासमोर हात वर करून सांगावे, की आम्हाला या दोन बादल्या हव्यात, आमच्या नळांची गळती थांबवल्यावरही हव्यात, आणि त्यांची किंमत आम्हाला ठाऊक आहे. हात किती वर होतील याचे भाकीत मी करणार नाही. होतीलही. पण मग त्या म्हाताऱ्याला निदान कळेल की मोजणाऱ्यांच्या मागे बघणारी माणसेही आहेत.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचा पहिला तांब्या डोक्यावर घेताना आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी अशी सात नावे घेतो. त्या सातांपैकी एकही आपल्या बादलीत नसते. यंदा वाचकहो, त्यांच्या जोडीला तानसा, वैतरणा आणि भातसा ही नावेही घ्यावीत. आणि गारगाईचे नाव घेण्याआधी मोरीतली तोटी नीट बंद आहे ना, ते एकदा पाहावे.